महेबूबची कडी

रविवारी सकाळी महेबूबची नात इन्शा स्कूटीवरून आली, तेव्हा रावजी ओट्यावर बसून दाढी करत होता. अर्धा गाल झाला होता, अर्धा साबणात होता. वय वर्षं त्र्याहत्तर. वर मुलाचा आणि सुनेचा मजला, खाली स्वतःची एक खोली आणि ओट्यावरचं सकाळचं ऊन, एवढाच त्याचा संसार उरला होता. बायको सगुणाबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या त्या बोरीच्या गल्लीत आता त्याला सगळे 'नाना' म्हणायचे. 'अरे रावजी' म्हणणारा जगात एकच माणूस शिल्लक होता, महेबूब. आणि तोही बारा वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याकडे घर बांधून गेलेला.

"रावजीनाना, तुमच्याकडे काम आहे," असं म्हणत इन्शाने मोबाइल त्याच्या साबणाच्या तोंडासमोर धरला.

मोबाइलवर लाल कौलांचा, पांढऱ्या खिडक्यांचा एक छोटेखानी बंगला होता. रावजीला वाटलं, पोरीने कुठे प्लॉटबिट घेतला की काय! चष्मा लावून पाहिलं, तर ते कोंबड्यांचं खुराडं निघालं.

"ऑनलाइन मिळतं," इन्शा म्हणाली. "सुरगाण्याची एक मैत्रीण माझ्याच शाळेत शिकवते, तिच्या गावाहून दहा गावरान पिल्लं आणायची आहेत. मी हे मागवणार होते, तर बडेअब्बा म्हणाले, यात कोंबड्या नाही राहणार, फक्त फोटो राहील. खुराडं करायचं तर रावजीच्याच हातचं. लाकूडकाम तुमचं, जाळी ते बसवणार."

बडेअब्बा म्हणजे महेबूब. रावजीला आतून एकदम बरं वाटलं. कुणी काम घेऊन येण्याची सवयच राहिली नव्हती. त्या आनंदात तो बोलून गेला, "आणि कडी?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच.

इन्शा हसायलाच लागली. "कडी बाजारातून आणा म्हणाले. ते कुठे कडी करतात! आमच्या घरात तर बोलतातच तसं. वायफाय बंद पडलं, की 'बडेअब्बांची कडी'. रिक्षावाला येतो म्हणून आला नाही, की 'बडेअब्बांची कडी'. ज्याचा भरवसा नाही, ते सगळं बडेअब्बांची कडी. दादीने पाडलंय ते नाव."

"आणि महेबूब? तो काय म्हणतो?"

"हसतात तेपण. का हो?"

"काही नाय. येतो म्हणून सांग," रावजी म्हणाला. उरलेल्या अर्ध्या गालाला त्याने दोनदा कापून घेतलं.

ही कडीची काय भानगड, ते सांगायचं तर त्या गल्लीत पस्तीसेक वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा तिथे एकावर एक मजले नव्हते. चौदा बैठी घरं, प्रत्येकाच्या मागे चिमूटभर परस, आणि टोकाला ती बोर. रावजी कारखान्यात पॅकिंग खात्यात सुतार होता. मोठमोठी मशिनं देवदाराच्या खोक्यांतून यायची आणि मोडकी खोकी कामगारांना मिळायची. महेबूबचं गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान होतं. निफाडला रावजीच्या सासुरवाडीला द्राक्षबाग. मांडव बदलला की जुनी तार फुकट. म्हणजे लाकूड होतं, तार होती, दोन रिकामटेकडे मित्र होते आणि रविवार होता. खुराडं व्हायला आणखी काय लागतं?

पहिलं खुराडं केलं ते महेबूबच्या बायकोसाठी, मेहरुन्निसासाठी. आणि पहिल्याच खुराड्यात दोघांची फजिती झाली. कोंबड्या बसायच्या दांडीवर बसेचनात. सगळ्या अंड्याच्या कप्प्यात जाऊन झोपायच्या आणि सकाळी अंडी घाणीने बरबटलेली. दोघा कारागिरांनी कपाळाला हात लावून आठ दिवस खल केला. शेवटी सगुणाबाईने भाकरी थापता थापता सांगितलं, "कोंबडी जिथं उंच, तिथं झोपते. दांडी खाली अन् कप्पा वर ठेवलाय तुमी. एवढं शिकून काय उपेग?" दोघांनी मुकाट्याने दांडी वर चढवली. तेव्हापासून रावजीच्या खुराड्याचं माप ठरून गेलं. जमिनीपासून दीड हात उंच पाय, मनगटाएवढी जाड दांडी, तिच्याखाली अंधारा कप्पा, तळाला फटी, म्हणजे घाण आपोआप खाली, आणि पत्र्यावर उन्हाळ्यात ओलं पोतं.

मग मागणी सुरू झाली. पैसे घ्यायचे नाहीत, असं दोघांनी ठरवलं होतं. एकच अट: कोंबडी खुडूक बसून पहिल्या खेपेला जेवढी पिल्लं निघतील, त्यातली दोन पुढच्या खुराड्याला द्यायची. अशी करता करता चौदा घरांत चौदा खुराडी झाली आणि गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या एकमेकींच्या मावश्या आणि आत्या झाल्या. एकीला पडसं झालं की चौदा घरं हळद शोधायची. टाइमकीपर वेणीमाधव जोशी अंड्याला शिवत नव्हते, पण त्यांनीही खुराडं मागून घेतलं. "मला फक्त कोंबडा द्या," म्हणाले, "पहाटे पूजेला उठवील." तो कोंबडा दुपारी दोनला आरवायचा, तिन्हीसांजेला आरवायचा; पहाट तेवढी त्याला मान्य नव्हती.

पण या सगळ्या खुराड्यांत खरी नावाजलेली चीज होती ती महेबूबची कडी. लोखंडाची चपटी पट्टी, एका टोकाला जड. दार लोटलं, की ती आपल्या वजनाने खाचेत पडायची. खट्! बाहेरून बोटाने उचलल्याशिवाय निघायची नाही. मांजराचा पंजा म्हणू नका, मुंगसाचं नाक म्हणू नका, कुणाची मात्रा चालायची नाही. एकेका कडीला महेबूब रात्रपाळीच्या कामगारासारखा घोटत बसायचा. कानस, मग पॉलिश पेपर, मग तेल. बायका खुराड्याचं दार उगीच दोनदा लोटायच्या, नुसता आवाज ऐकायला. महेबूबला तो आवाज ऐकून मिश्यांत हसू फुटायचं.

आणि त्याबरोबर ती साद. दिवेलागणीला बोरीकडच्या घरातून पहिली हाक यायची, "लावलं का?" पुढच्या घराने खुराड्याची कडी लागली आहे हे जाऊन बघायचं, "लावलं!" म्हणायचं आणि पुढच्याला विचारायचं, "लावलं का?" अशी ती हाक चौदा परसांतून फिरत रस्त्यापर्यंत जायची. कुणी गावाला गेलं असेल, तर शेजाऱ्याने त्याचंही दार लोटायचं आणि ओरडायचं, "दोन्ही लावलं!" घराला कुलूप नसलं तरी चालायचं, पण सादेला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. कुणाच्या घरी मयत झालं, त्या संध्याकाळीसुद्धा बारीक आवाजात 'लावलं' आलं होतं.

अशा गल्लीत रावजीच्या हातून ते घडलं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. महेबूब आणि मेहरुन्निसा पोरांना घेऊन मालेगावला भाचीच्या लग्नाला गेले होते. रावजी शेजारचाच. तो ओव्हरटाइम करून आला होता, पाय गरम पाण्यात घालून बसला होता. साद आली, "लावलं का?" आणि दहा वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडातून निघून गेलं, "दोन्ही लावलं!" स्वतःचं खुराडं सगुणाबाईने लावलं होतं. महेबूबचं राहिलं होतं. रावजीने मनात म्हटलं, पाच मिनिटांत उठतो. पाणी कोमट होतं, पाय हलके झाले होते. बसल्या जागीच त्याचा डोळा लागला. ती पाच मिनिटं त्याला पुढे बावीस वर्षं पुरली.

पहाट फुटता फुटता मुंगूस शिरलं. सकाळी रावजीने कुंपणावरून पाहिलं, तर महेबूबच्या खुराड्याचं दार सताड उघडं आणि परसभर पिसं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यात मेहरुन्निसाची ती काळीही होती. आजारी असताना हातावर दूध-भात खाऊन वाढलेली; हाक मारली की घरात यायची. दुपारी मंडळी लग्नाचे लाडू घेऊन परतली. मेहरुन्निसा परसात गेली आणि तिथेच खाली बसली. गल्ली जमली. महेबूबने विचारलं, "रावजी, कसं काय झालं रे?" नुसतं विचारलं, दटावलं नाही.

तेव्हा खरं सांगायला एक क्षण पुरला असता. पण समोर सारी गल्ली होती आणि रात्री सगळ्यांनी कानाने ऐकलं होतं, दोन्ही लावलं. रावजी म्हणाला, "दार मी लोटलं होतं. कडी पडली नसावी."

बस, एवढंच. दोन वाक्यांत काम झालं.

महेबूब त्या दारापाशी उकिडवा बसला. दार लोटायचा, कडी पडायची. उचलायचा, लोटायचा, पडायची. संध्याकाळपर्यंत तेच. रावजी कुंपणाआडून ते खट् खट् ऐकत होता आणि प्रत्येक आवाज त्याच्या काळजात उतरत होता. दुसऱ्या दिवशी महेबूब बाजारातून तेरा टॉवर बोल्ट घेऊन आला आणि घरोघर जाऊन स्वतःच्या हाताने स्वतःच्या कड्या काढू लागला. "आज माझ्याकडं झालं, उद्या तुमच्याकडं व्हायला नको," म्हणायचा. पैसेही घेतले नाहीत. आणि पाना धरायला बरोबर कोण? रावजी. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्यानंतर महेबूबने जाळ्या केल्या, जिने केले, फाटकं केली, पण कडी म्हणून केली नाही. काढलेल्या चौदा कड्या त्याने भंगारात टाकल्या होत्या. त्या रावजीने उचलून आणल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवल्या. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. महिन्याने उशीर झाला म्हणून सांगितलं नाही. वर्षाने वाटलं, आता कशाला? पण दर खंडेनवमीला रंधा, करवत, पटाशी पुजायला काढली, की त्यांच्या शेजारी तो डबाही ठेवायचा. कड्यांना तेल लावायचा. सगुणाबाईला सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातच होती. ती कड्यांनाही हळदकुंकू वाहायची आणि काही बोलायची नाही. एकदाच बोलली, शेवटच्या वर्षी. "सांगून टाका हो त्यांना. देवाला काय दाखवताय?"

पुढे गल्लीतली खुराडी एकेक करून गेली. परसात फरशा आल्या, फरशांवर मजले चढले, मजल्यांखाली गाड्या लागल्या. टोकाची बोर गेली. सादही गेली. शेवटची कुणी घातली, ते कुणाच्याच लक्षात नाही.

रावजी सोमवारपासून पाथर्डी फाट्याला जाऊ लागला. दुपारी सिटी बस पकडायची, पिशवीत हत्यारं, हत्यारांखाली तो डबा. महेबूबचं घर ऐसपैस होतं, मागे शेवग्याचं झाड, पेरू, आणि मोकळी जागा. महेबूब खुर्ची टाकून बसलेलाच असायचा. पंचाहत्तरी आली होती, गुडघे गेले होते. पण हात अजून शाबूत.

"आलास? किती वेळ लावतो रे! तुझ्या आधी अंडी येतील," असं त्याचं स्वागत.

"तुझी जाळी कुठं हाय? तोंडानंच विणतो का?"

असं सुरू झालं की रावजीचा गुडघाही दुखायचा नाही. जुनी दारं फोडून आणलेल्या फळ्या, निफाडहून मेव्हण्याने पाठवलेली मांडवाची तार. दोघं मापं बोलत नव्हते, हातानेच दाखवत होते. दांडी बसवताना महेबूब मुद्दाम म्हणाला, "खाली बसव, खाली. कप्पा वर." आणि दोघं सगुणाबाईची आठवण काढून इतके हसले, की इन्शा धावत बाहेर आली. चार वाजता मेहरुन्निसा चहा आणायची, बरोबर नानकटाई. "घ्या, रावजीभाई. हे तुम्हाला उपाशीच राबवतात."

सोमवारी रावजीने ठरवलं, आज सांगायचं. डबा पिशवीतून निघालाच नाही. मंगळवारी काढून मांडीवर घेतला, तेवढ्यात महेबूब म्हणाला, "तू आलास की जरा बरं वाटतं रे. घरात बोलतात सगळे, पण जुनं कोण बोलणार?" डबा परत पिशवीत गेला. रावजीला आपली भीती नीट दिसत होती. सांगितलं, तर हाच एक माणूस जाईल. मग 'अरे' म्हणायला कुणी नाही. आणि नाही सांगितलं, तर दोघांपैकी एक जाईल आणि ती कडी कायमची खोटी ठरेल. बसमधून घरी येताना दोन्ही बाजू त्याच्या डोक्यात भांडत असायच्या.

शुक्रवारी खुराडं झालं. मोठं देखणं झालं होतं. दार बसलं, बिजागऱ्या तेल पिऊन गप झाल्या. फक्त कडी राहिली. इन्शाने दुकानातून आणलेला चकचकीत टॉवर बोल्ट पुढे केला आणि हसत म्हणाली, "हा घ्या. बडेअब्बांची कडी नको."

महेबूब हसला. रावजी त्याच्याकडे बघत होता. हसणं ओठांवरच होतं, डोळ्यांत नव्हतं. बावीस वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात असाच हसत आला असणार, हे रावजीला लख्ख दिसलं. मग त्याच्याने राहवलं नाही. त्याने पिशवी उपडी केली. डबा काढला, झाकण उघडलं आणि महेबूबच्या पायाशी ठेवला.

तेल लावलेल्या चौदा कड्या. महेबूब वाकून बघत राहिला. एक उचलली, तिच्या टोकाला पितळेचा ठिपका होता.

"ही तर आमच्या दारची. तुझ्याकडं कशी?"

"महेबूब, ती कडी खोटी नव्हती," रावजी म्हणाला. आता थांबायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. "मी दार लोटलंच नव्हतं. उठलोच नाय मी. पाय पाण्यात घालून बसलो होतो. बसल्या जागेवरून ओरडलो, दोन्ही लावलं. दुसऱ्या दिवशी गल्लीसमोर लाज वाटली, म्हणून तुझ्या कडीवर ढकललं. चूक माझी होती. सगळी माझी."

इन्शाचं हसू मावळलं. महेबूबने ती कडी नव्या दाराच्या चौकटीला धरली, बोटाने उचलली, सोडली. खट्. परत उचलली. खट्.

"शंभर वेळा पाडून पाहिली होती मी हिला त्या दिवशी," तो हळू म्हणाला. "शंभर वेळा पडली. एकदाबी चुकली नाय. मी स्वतःला म्हटलं, रावजी कशाला खोटं बोलंल? म्हंजे कडीच खोटी."

रावजीला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दारात भांड्याचा आवाज झाला. मेहरुन्निसा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. "बावीस वर्षं मी यांना टोमणे मारले, रावजीभाई," ती म्हणाली. "पोराबाळांसमोर. सुनांसमोर." आणि ट्रे तसाच घेऊन आत गेली. महेबूबही खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठला आणि तिच्या मागोमाग गेला. जाताना कडी त्याच्या मुठीतच होती.

त्या दिवशी चहा आला नाही. रावजीने खुराड्याच्या दाराला सुतळी बांधली, हत्यारं गोळा केली, डबा तिथेच ठेवला. इन्शा फाटकापर्यंत आली. "सावकाश जा, नाना," एवढंच म्हणाली.

पुढचे आठ दिवस फोन आला नाही. रावजी ओट्यावर बसून राहायचा. पिल्लं आली असतील का, दाराला अजून सुतळीच असेल का, असले विचार. सून पल्लवीने एकदा विचारलं, "नाना, जेवत का नाही? कुणाशी भांडलात का?" तो म्हणाला, "नाय गं, उलट मिटवून आलो." ते खरं की खोटं, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण सांगितलं याचं वाईट वाटत नव्हतं. ते आधी सांगायचं होतं, सगुणाबाई असताना, याचं वाटत होतं.

नवव्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. महेबूबचं नाव बघून रावजीने घाईघाईने फोन कानाला लावला.

"महेबूब?"

पलीकडून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. मग कुणीतरी दार लोटलं, आणि आवाज आला.

खट्.

"ऐकलं?" महेबूब म्हणाला.

"ऐकलं."

"आजच बसवली. पितळी ठिपक्याची. आता सगळी पोरं दार लोटून बघतात, इन्शा तर दहादा. घरात नवा कायदा झालाय, कुणी तसं बोलायचं नाय म्हणून. इन्शाच्या शाळेतल्या दोघी मास्तरणी मागं लागल्यात, आम्हालाबी असं खुराडं पाहिजे. म्हटलं, कड्या तयार हायेत, तेरा. लाकडाचं रावजी बघंल. पहिल्या खेपेची दोन पिल्लं पुढच्या घराला, हेबी सांगितलं."

रावजीने हळूच विचारलं, "भाभी?"

"ती नाय बोलणार तुझ्याशी एवढ्यात. चहाबी बंद हाय. येताना घरून पिऊन ये."

रावजी हसला आणि त्याच हसण्यात त्याला रडू आलं. महेबूबने ते ऐकलं असावं, कारण तो एकदम खेकसला, "आता विचार की! का तेबी विसरला?"

"काय?"

"अरे रावजी, गल्लीत या वेळेला काय विचारायचो?"

रावजी ओट्यावरून उठून उभा राहिला. मागचं परस आता राहिलं नव्हतं, तिथे मुलाची गाडी लावलेली होती. तरी तो तिकडेच तोंड करून, मोठ्याने, चौदा घरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लावलं का?"

"लावलं!" महेबूब ओरडला. आणि मग हळूच म्हणाला, "उठून जाऊन लावलं."